पत्ता कोण देतं, नाव कसं सापडतं: नेटवर्कबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘नेट चालत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं. एकतर यंत्राला पत्ताच मिळालेला नसतो, किंवा पत्ता मिळालाय पण नाव सापडत नाहीये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता कळत नाहीये. ही दोन कामं वेगळी आहेत, ती करणाऱ्या यंत्रणा वेगळ्या आहेत आणि त्यांचे बिघाडही वेगळे. नेटवर्क सांभाळताना मला रोज विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. हा एक फरक डोक्यात पक्का बसला की निम्मी डोकेदुखी कमी होते, म्हणून उत्तरांत तो पुन्हा पुन्हा येईल.

आयपी ॲड्रेस म्हणजे नेमकं काय?

नेटवर्कवर एखाद्या यंत्रापर्यंत पोचण्यासाठी वापरला जाणारा आकडा. नेहमी दिसणाऱ्या आयपीव्ही४ मध्ये तो ३२ बिटांचा असतो. वाचायला सोपा जावा म्हणून त्याचे चार तुकडे करून मध्ये टिंब देतात: १९२.१६८.१.३७. प्रत्येक तुकडा ० ते २५५ मधला. कुठे ३०० दिसलं तर पत्ता लिहिताना चूक झालीय हे लगेच ओळखावं.

त्याच्या जोडीला नेहमी सबनेट मास्क असतो, आणि लोक नेमकं त्याच्याकडेच बघत नाहीत. २५५.२५५.२५५.० हा मास्क सांगतो की पत्त्याचे पहिले तीन तुकडे नेटवर्कचे आणि शेवटचा यंत्राचा. प्रत्येक पाकीट, म्हणजे माहितीचा तुकडा (पॅकेट), पाठवताना यावरूनच निर्णय होतो. १९२.१६८.१.३७ ला १९२.१६८.१.५० शी बोलायचंय? पहिले तीन तुकडे जुळले, म्हणजे समोरचा आपल्याच आळीतला, थेट बोलायचं. १९२.१६८.२.५० शी बोलायचंय? जुळत नाही, मग पाकीट गेटवेच्या म्हणजे राउटरच्या हाती द्यायचं. मास्क चुकीचा भरला की हा निर्णय चुकतो आणि काही यंत्रं सापडतात, काही सापडत नाहीत असा विचित्र प्रकार सुरू होतो. हाताने पत्ता भरणाऱ्यांनी मास्क दोनदा तपासावा.

या मास्कच्या नेटवर्कमध्ये एकूण २५६ आकडे येतात. पहिला नेटवर्कचा स्वतःचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव. उरले २५४.

मग मॅक ॲड्रेस कशाला हवा?

आयपी पत्ता जागेचा असतो, मॅक ॲड्रेस यंत्राचा. नेटवर्क कार्ड बनतानाच त्यावर ४८ बिटांचा हा आकडा घातला जातो. त्यातले पहिले २४ बिट बहुधा बनवणाऱ्या कंपनीची ओळख असतात. लॅपटॉप दुसऱ्या नेटवर्कमध्ये नेला की आयपी बदलतो, कार्डावरचा मॅक तोच राहतो.

एकाच नेटवर्कमधल्या दोन यंत्रांमध्ये प्रत्यक्ष देवाणघेवाण मॅक ॲड्रेसवरूनच होते. आयपीवरून मॅक शोधायचं काम एआरपी करतं, आणि १९८२ पासून त्याची पद्धत तशीच साधी आहे. यंत्र सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतं, ‘१९२.१६८.१.१ कोणाकडे आहे?’ ज्याच्याकडे तो पत्ता आहे तो उत्तर देतो, ‘माझ्याकडे, हा घ्या माझा मॅक.’ विचारणारा ते उत्तर थोडा वेळ जपून ठेवतो. उत्तर खरं आहे की खोटं, हे तपासायची सोय यात नाही. अनोळखी वाय-फायवर सावध राहायला सांगतात त्यामागचं हे एक कारण.

वाय-फायला जोडल्याबरोबर फोनला पत्ता कोण देतं?

डीएचसीपी सर्व्हर. घरी हे काम राउटरच करतो, मोठ्या ठिकाणी वेगळा सर्व्हर असतो. ही पद्धत १९९३ मध्ये आली. त्याआधी १९८५ पासून बूटपी होतं, पण त्यात प्रत्येक यंत्राची नोंद आधी हाताने करून ठेवावी लागायची.

हा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. नुकत्याच जोडलेल्या फोनकडे स्वतःचा पत्ता नाही, आणि सर्व्हर कुठे आहे तेही त्याला माहीत नाही. मग तो ०.०.०.० या ‘पत्ता नाही’ अशा पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे नेटवर्कमधल्या सगळ्यांना हाक मारतो: ‘पत्ता देणारं कोणी आहे का?’ हा डिस्कव्हर. सर्व्हर आपल्या यादीतला मोकळा आकडा काढून सांगतो, ‘१९२.१६८.१.३७ चालेल का?’ ही ऑफर. फोन म्हणतो, ‘चालेल, तोच द्या.’ ही रिक्वेस्ट. सर्व्हर ‘दिला’ म्हणून शिक्कामोर्तब करतो, तो ॲक. हा सगळा व्यवहार ६७ आणि ६८ या दोन पोर्टांवर (पोर्ट म्हणजे यंत्रातली वेगवेगळी कामं ओळखायचे क्रमांक) चालतो आणि सुरळीत असेल तर आपल्या लक्षातही येत नाही.

तिसऱ्या पायरीत एक बारकावा आहे. फोनला आता सर्व्हर कळलेला असतो, तरीही रिक्वेस्ट तो सगळ्यांना ऐकू जाईल अशीच पाठवतो. कारण ऑफर एकापेक्षा जास्त सर्व्हरांनी दिलेली असू शकते. ज्यांची घेतली नाही, त्यांना तिथल्या तिथे कळतं आणि ते राखून ठेवलेला आकडा मोकळा करतात.

शिक्कामोर्तबासोबत फोनला मास्क, गेटवे, नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरचे पत्ते आणि पत्ता किती वेळ वापरता येईल तेही मिळतं. म्हणजे पत्ता आणि नाव ही दोन वेगळी कामं असली, तरी नावासाठी कोणाकडे जायचं हे पत्ता देणाराच सांगतो. एकाचा बिघाड दुसऱ्याच्या माथी मारला जातो तो इथेच.

लीज म्हणजे काय? पत्ता मध्येच काढून घेतात का?

पत्ता भाड्याने मिळतो, त्या मुदतीला लीज म्हणतात. निम्मी मुदत झाली की यंत्र ज्या सर्व्हरने पत्ता दिला त्याच्याकडे मुदतवाढ मागतं. उत्तर आलं नाही, तर मुदतीचे ८७.५ टक्के संपल्यावर कुठल्याही सर्व्हरला विचारतं. तरीही काही जमलं नाही तर मुदत संपताच पत्ता सोडावा लागतो. चालू यंत्र वेळेत मुदतवाढ घेत असल्याने तुमचा पत्ता सहसा महिनोन्महिने तोच राहतो.

मुदत किती ठेवावी? माणसं ये-जा करत नसतील तर एक दिवस किंवा जास्तही चालते. पण समजा वाटायला २०० पत्ते आहेत, मुदत २४ तासांची आहे आणि दिवसभरात ६०० माणसं येऊन जातात. पहिल्या २०० जणांत यादी संपेल. ती माणसं निघून गेली तरी त्यांचे पत्ते दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतील आणि उरलेल्यांना वाय-फायचं चिन्ह पूर्ण भरलेलं दिसूनही नेट मिळणार नाही. अशा ठिकाणी तासाभराची मुदत ठेवावी.

माझ्या कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता का मिळाला?

तो कोणी दिलेला नाही, कॉम्प्युटरने स्वतःच घेतलाय. डीएचसीपीला हाका मारून उत्तर आलं नाही की यंत्र या राखीव गटातला एखादा आकडा निवडतं आणि तो दुसऱ्या कोणाकडे नाही ना हे विचारून वापरायला लागतं. असा पत्ता राउटरच्या पलीकडे जात नाही. हा आकडा दिसला की डीएनएसच्या मागे लागू नका, ब्राउझर बदलू नका. केबल, वाय-फायचा पासवर्ड, आणि डीएचसीपी सर्व्हर चालू आहे का, एवढंच बघा.

‘आयपी कॉन्फ्लिक्ट’ असा संदेश येतो. दोघांना एकच पत्ता कसा मिळाला?

नेहमीचं कारण असं: कोणीतरी हाताने भरलेला पत्ता डीएचसीपीच्या वाटपाच्या यादीतलाच असतो. सर्व्हरला त्याची कल्पना नसते, तो तोच आकडा दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. काही सर्व्हर देण्याआधी पिंग करून, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघतात, पण ते यंत्र त्या वेळी बंद असेल तर उपयोग नाही. हाताने द्यायचे पत्ते यादीच्या बाहेर ठेवणं हाच उपाय.

दुसरा प्रकार यापेक्षा त्रासदायक: एका नेटवर्कमध्ये दोन डीएचसीपी सर्व्हर. एका कार्यालयात मी हे पाहिलं. सकाळी निम्मी यंत्रं चालू, निम्मी बंद, आणि ज्याने यंत्र पुन्हा सुरू केलं त्याचं नशीब दर वेळी वेगळं. बंद यंत्रांचे पत्ते पाहिले तर ते १९२.१६८.० ने सुरू होणारे. आमचं सगळं वाटप १० ने सुरू होणारं. म्हणजे पत्ता देणारा दुसरा कोणीतरी घुसलेला. एका बंद यंत्रावर एआरपीची यादी उघडून त्याच्या गेटवेचा मॅक ॲड्रेस घेतला. पहिल्या सहा अक्षरांवरून (म्हणजे पहिल्या २४ बिटांवरून) कंपनी कळली, ती आमच्याकडच्या कुठल्याच उपकरणाची नव्हती. मग तो मॅक स्विचच्या (सगळ्या केबली जिथे जोडतात त्या पेटीच्या) कुठल्या पोर्टवर, म्हणजे केबल खोचायच्या जागेवर दिसतोय ते शोधलं आणि त्या केबलच्या मागे मागे गेलो. एका टेबलाखाली जुना वाय-फाय राउटर सापडला. सिग्नल नीट येत नाही म्हणून कोणीतरी सद्‌हेतूने लावलेला, आणि केबल लॅनच्या, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या पोर्टात खोचलेली. तो आपल्या सवयीप्रमाणे मागेल त्याला पत्ते वाटत बसला होता. चांगल्या स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंगची सोय असते. ती चालू केली की ठरवून दिलेल्या पोर्टशिवाय इतर कुठून आलेली ऑफर स्विच पुढेच जाऊ देत नाही. त्या दिवसापासून ती मी कुठेही बंद ठेवलेली नाही.

प्रिंटरचा पत्ता बदलू नये म्हणून स्टॅटिक आयपी द्यावा का?

मी रिझर्व्हेशनला पसंती देतो. स्टॅटिकमध्ये पत्ता प्रिंटरच्या सेटिंगमध्ये भरतात. रिझर्व्हेशनमध्ये डीएचसीपी सर्व्हरला सांगून ठेवतात की या मॅक ॲड्रेसला कायम हाच पत्ता दे. परिणाम सारखाच, पण नोंद एका जागी राहते. उद्या गेटवे बदलला तर प्रत्येक यंत्रापाशी जावं लागत नाही. राउटर, डीएनएस सर्व्हर आणि स्वतः डीएचसीपी सर्व्हर यांना मात्र स्टॅटिकच द्यावा. ज्याने दुसऱ्यांना पत्ते द्यायचे, तो स्वतःच्या पत्त्यासाठी अडून राहिला तर कसं चालेल?

फोनसाठी रिझर्व्हेशन करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयओएस १४ पासून (२०२०) फोन वाय-फायवर खरा मॅक लपवून बनवलेला मॅक दाखवतात. पाळत टाळण्यासाठी ते चांगलंच आहे. पण नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं की कधी कधी तो मॅक बदलतो आणि रिझर्व्हेशन वाया जातं. मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा असा बनवलेला आहे.

माझ्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि मित्राच्याही राउटरचा तोच. गोंधळ होत नाही?

नाही, कारण हे पत्ते खासगी वापरासाठी सोडलेले आहेत. १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने तीन गट राखून ठेवले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. इंटरनेटवर ते चालत नाहीत. बाहेर जाताना राउटर पाकिटावरचा खासगी पत्ता खोडून स्वतःचा सार्वजनिक पत्ता घालतो आणि कोणतं संभाषण आतल्या कोणाचं, याची पोर्टनुसार नोंद ठेवतो. याला नॅट म्हणतात.

राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होणारा पत्ता दिसला, तर इंटरनेट देणारी कंपनीसुद्धा तिच्या पातळीवर नॅट करतेय असं समजा. मग घरातला कॅमेरा बाहेरून बघायला पोर्ट कितीही उघडा, उपयोग होणार नाही. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागावा लागेल.

नावावरून पत्ता कसा सापडतो?

सुरुवातीला एकच फाइल होती. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते ‘होस्ट्स.टीएक्सटी’ या फाइलमध्ये असायचे. ती कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालचा गट सांभाळायचा, आणि बाकीचे ती तिथून उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी एका फाइलवर मदार ठेवणं अशक्य झालं. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तिचा गाभा मला आजही सुंदर वाटतो: सगळी नावं कोणा एकालाच ठाऊक असण्याची गरज नाही, प्रत्येकाला फक्त पुढे कोणाला विचारायचं एवढं ठाऊक असलं की पुरे.

तुम्ही ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम’ टाकलंत. नाव उजवीकडून वाचलं जातं. तुमचा कॉम्प्युटर त्याला नेमून दिलेल्या रिझॉल्व्हरला, म्हणजे त्याच्या वतीने नाव शोधणाऱ्या डीएनएस सर्व्हरला विचारतो. रिझॉल्व्हरकडे काहीच साठवलेलं नसेल तर तो आधी रूट सर्व्हरकडे, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवरच्या सर्व्हरकडे जातो. रूट म्हणतो, ‘पत्ता मला माहीत नाही, पण कॉम सांभाळणारे हे.’ कॉमवाले म्हणतात, ‘एक्झाम्पल सांभाळणारे हे.’ त्यांच्याकडे मात्र पक्कं उत्तर असतं. रिझॉल्व्हर ते तुम्हाला देतो आणि स्वतःपाशी ठेवून घेतो, त्यामुळे पुढच्या विचारणाऱ्यासाठी एवढी पायपीट होत नाही.

‘जगात फक्त १३ रूट सर्व्हर आहेत’ असं वाचायला मिळतं. १३ ही नावं आहेत, ए पासून एम पर्यंत. प्रत्येक नावामागे जगभर विखुरलेली अनेक यंत्रं एकाच पत्त्यावर उत्तरं देतात आणि तुमचा प्रश्न सहसा त्यातल्या जवळच्याकडे जातो.

जुनी होस्ट्स फाइलही संपलेली नाही. जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरवर ती आहे आणि डीएनएसला विचारण्याआधी सहसा तिच्यात बघितलं जातं. एखादी साइट फक्त तुमच्याच यंत्रावर भलतीकडे जात असेल तर ही फाइल आधी उघडा.

साइट नव्या सर्व्हरवर हलवली, तरी काहींना जुनीच का दिसते?

‘डीएनएस पसरायला २४ तास लागतात’ हे उत्तर सर्रास दिलं जातं, आणि त्याने चुकीचं चित्र उभं राहतं. काहीच पसरत नसतं. तुम्ही नोंद बदलल्यावर तुमच्या सर्व्हरांवर उत्तर थोड्याच वेळात बदलतं. इतर रिझॉल्व्हरांकडे साठवलेलं जुनं उत्तर मात्र शिळं व्हायची वाट बघावी लागते. ते किती वेळ ठेवायचं हे टीटीएल हा आकडा ठरवतो, आणि तो तुमच्याच हातात असतो. टीटीएल ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस असेल, तर काहींना दिवसभर जुनी साइट दिसेल.

म्हणून साइट हलवण्याच्या एक-दोन दिवस आधीच टीटीएल ३०० वर आणावा. जुना मोठा टीटीएल साठवलेली उत्तरं तोवर संपून जातात, मग हलवल्यावर पाच मिनिटांत बहुतेकांना नवी साइट दिसते. सगळं स्थिरावलं की पुन्हा वाढवावा.

‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा काही वेळ साठवलं जातं. नवं नाव नोंदवायच्या आधीच ते उघडून बघण्याची घाई करू नका.

प्रिंटरचं नाव तर कुठे नोंदवलेलं नाही. मग तो नावाने कसा सापडतो?

शेवटी ‘.लोकल’ असलेली नावं एमडीएनएसने सापडतात. इथे सर्व्हरच नसतो. यंत्र २२४.०.०.२५१ या सामूहिक पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर विचारतं, ‘हे नाव कोणाचं?’ आणि ज्याचं असेल तो स्वतःच उत्तर देतो. ॲपलने हे बॉन्जूर या नावाने रुजवलं. विंडोजमध्ये याच कामासाठी जुनं नेटबायोस होतं. त्यात नावाला १५ अक्षरांची मर्यादा, म्हणून लांब नावं कापली जायची.

ही हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. फोन पाहुण्यांच्या वाय-फायवर आणि प्रिंटर मुख्य नेटवर्कवर असेल, तर प्रिंटर दिसणार नाही. यात प्रिंटरचा काही दोष नाही.

संस्थेच्या स्वतःच्या डीएनएसमध्ये मात्र ‘.लोकल’ वापरू नका, एमडीएनएसशी ते भांडतं. तुमचं नोंदवलेलं डोमेन असेल तर त्याचंच उपनाव घ्या. नसेल तर घरासाठी ‘होम.अर्पा’ २०१८ पासून राखीव आहे, आणि २०२४ मध्ये ‘.इंटर्नल’ खासगी वापरासाठी सोडलं गेलं.

डीएनएस सर्व्हर बदलला की नेट वेगवान होतं?

नाव शोधण्याचा वेळ कमी होऊ शकतो, फाइल उतरवण्याचा वेग सहसा आहे तोच राहतो. ८.८.८.८ (२००९) आणि १.१.१.१ (२०१८) हे चांगले पर्याय आहेत. फक्त ऑफिसच्या यंत्रावर ते भरू नका. आतल्या सर्व्हरांची नावं बाहेरच्या रिझॉल्व्हरला ठाऊक नसतात.

देवनागरीत डोमेन नाव चालतं का?

चालतं. ब्राउझर ते पडद्यामागे रोमन अक्षरांत व आकड्यांत बदलतो, कारण मूळ डीएनएसचा व्यवहार त्यांच्यावरच बेतलेला आहे. या रूपांतराला पनीकोड म्हणतात.

आयपीव्ही६ आल्यावर हे सगळं बदलणार का?

आयपीव्ही४ मध्ये सुमारे ४२९ कोटीच आकडे आहेत. जागतिक साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा असल्याने टंचाईचा प्रश्नच मिटतो. पत्ता मिळण्याची रीतही थोडी बदलते: राउटर नेटवर्कचा भाग जाहीर करतो आणि उरलेला भाग यंत्र स्वतः बनवतं, डीएचसीपीविनाही चालतं. एआरपीच्या जागी दुसरी पद्धत येते. नावांची व्यवस्था तीच राहते, फक्त नावापुढे आयपीव्ही४ पत्ता सांगणाऱ्या ‘ए’ नोंदीसोबत आयपीव्ही६ साठी चार ‘ए’ची नोंद लागते. एवढा लांब आकडा कोण पाठ करणार? त्यामुळे नावं नीट ठेवण्याचं महत्त्व वाढतंच.

नेट बंद पडलं तर नेमकं कुठून सुरू करू?

आधी पत्ता बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवा. पत्ता १६९.२५४ चा असेल तर वर सांगितलंय. पत्ता ठीक असेल तर गेटवेला पिंग करा, मग ८.८.८.८ ला. गेटवे उत्तर देतो पण बाहेरचा देत नाही, तर बिघाड राउटरच्या पलीकडे. आकड्याला उत्तर येतं पण नावाने काही उघडत नाही, तर डीएनएस.

डीएनएस तपासायला ‘एनएसलुकअप’ वापरा, पण तो थेट डीएनएस सर्व्हरला विचारतो. होस्ट्स फाइल किंवा एमडीएनएस बघत नाही. म्हणून पिंगला एखादं नाव सापडतं आणि एनएसलुकअप ‘असं नाव नाही’ म्हणतो, किंवा दोघं वेगवेगळे पत्ते दाखवतात. तसं झालं तर उत्तर तुमच्या यंत्राच्या होस्ट्स फाइलमधून, साठवणीतून किंवा शेजारच्या यंत्राकडून आलंय. ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ने साठवण रिकामी करा आणि दोन्ही पुन्हा चालवून बघा.